न चाललेली ओळ

लिस्प ही भाषा पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसते कंसच दिसतात. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस, आणि शेवटी बंद होणाऱ्या कंसांची अशी झुंबड, की कोणता कंस कशाचा हे लिहिणाऱ्यालाही बोट लावून बघावं लागतं. नीलांबरी मगदूमला ही भाषा शिकवणाऱ्या सरांनीच, आता ही कुणी वापरत नाही, परीक्षेपुरती करा, असं सांगून टाकलं होतं. पुढे बाकीच्या भाषांमधलं काम यंत्रंच करायला लागली, त्या भाषा शिकलेली हुशार पोरं दुसरं काहीबाही करायला लागली, आणि नीलांबरीची ही म्हातारी भाषा मात्र तिला सांगलीत बसून पोटाला घालत राहिली.

त्याचं कारण होतं सेतू. विश्रामबागेतल्या ‘अनुबंध’ नावाच्या कंपनीत ती काम करायची, आणि तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी हे यंत्र बनायचं. तांदळाच्या दाण्याएवढा सेतू कानामागून आत सोडायचा आणि मेंदूत आठवणी बांधल्या जातात त्या भागाशी नेऊन बसवायचा. आठवण म्हणजे काही कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती दर वेळी वर येताना नव्याने जुळते, आणि वर आल्यावर थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते. तेवढ्या अवधीत तिला विजेचा हलका टेकू दिला तर ती घट्ट होते, उलट्या लयीत दिला तर पुसट होते. सेतू एवढंच करायचा. कुठली आठवण धरायची आणि कुठली सोडायची, याचे नियम मात्र माणसाने लिहून द्यावे लागत.

हे नियम लिस्पमध्ये असत. बाकीच्या भाषांत प्रोग्रॅम आधी थांबवायचा, मग बदलायचा, मग पुन्हा चालू करायचा, असा रिवाज. चालत्याबोलत्या माणसाच्या डोक्यातलं यंत्र असं मध्येच थांबवलं तर तो भर रस्त्यात भांबावून उभा राहील. लिस्पमधल्या प्रोग्रॅमशी तो चालू असतानाच बोलता येतं. आपण एक ओळ लिहायची, आणि प्रोग्रॅम न थांबता ती आपल्यात घेऊन पुढे चालू लागतो. नियम लिहिणाऱ्यांना कंपनीत जुळारी म्हणत, आणि नीलांबरी त्यांच्यातली सगळ्यात जुनी जुळारी होती.

कामं अगदी घरगुती. बुधगावच्या एका आजोबांना चहात साखर घातल्याचं आठवायचं नाही, मग ते पुन्हा घालायचे, पुन्हा घालायचे, आणि तसला पाक सगळ्यांना प्यायला लावायचे. नीलांबरीने त्यांच्यासाठी लिहिलं:

(जर (वर-आली? 'साखर)
(बांध 'साखर 'चव)
(सोड))

साखरेची आठवण वर आली तर ती जिभेवरच्या चवीशी बांध, नाहीतर जाऊ दे. बस, एवढंच. लिस्पला नावं कुठल्याही लिपीत दिलेली चालतात, म्हणून ती सगळं मराठीतच लिहायची. महिन्याभराने आजोबांची सून पेढे घेऊन आली, आणि आता मामंजी माझ्या चहाला नाक मुरडतात, अशी तक्रारही करून गेली.

लोकांच्या घरातल्या अशा किती तरी गाठी नीलांबरीने सोडवल्या. तिच्या स्वतःच्या घरातली गाठ होती ती अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची. सुकुमार मगदूम सर शाळेत पी.टी. शिकवायचे. ताठ माणूस, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा पोरगाही खांदे सरळ करायचा. नीलांबरीची आई फुप्फुसाच्या आजाराने थकत गेली तेव्हा तिने एकच मागणं केलं होतं, मला घरी न्या. अण्णांचंही तेच म्हणणं होतं. नीलांबरीने दोघांचं ऐकलं नाही. मोठ्या दवाखान्यात ठेवलं, नळ्या लावल्या, यंत्रं लावली. आई वाचेल असं तिला खरोखर वाटत होतं. आई काचेच्या पलीकडे एकटीच गेली, आणि अण्णांना आत सोडलं तोवर तिचा हात गार पडला होता.

अण्णा तेव्हा एवढंच बोलले, “तू तिला यंत्राच्या हवाली केलीस.” त्यानंतर बापलेक एकाच घरात राहिले, पण बोलणं झालं ते औषधं, दूध आणि पाणी येण्याची वेळ एवढ्यापुरतं. लग्न नीलांबरीने केलं नव्हतं, भावंड नव्हतं. अण्णांनी एकदा आपल्याकडे बघून नीट बोलावं, एवढीच तिची इच्छा उरली होती, आणि ती बोलून दाखवायला घरात कुणी नव्हतं.

मग अण्णा विसरायला लागले. नीलांबरीला आधी रडू आलं, आणि मागोमाग, लाज वाटावी अशी, एक आशाही आली, की हे सगळं विसरतायत तर दवाखान्याचंही विसरतील. पण आजाराला कुणाची दयामाया नसते. अण्णा आईचं मरण विसरले आणि दवाखाना तेवढा लक्षात राहिला. जैनाचं घर, जेवण सूर्य मावळायच्या आत. रोज ताट समोर आलं की अण्णा विचारायचे, “तुझी आई जेवली काय?” कुणीतरी सांगायचं की ती नाही. मग अण्णांच्या चेहऱ्यावर ती बातमी पहिल्यांदा ऐकल्यासारखी उमटायची, नजर नीलांबरीवर यायची, आणि ताट बाजूला सरकायचं. तिच्या हातचा घास ते घेत नसत. अण्णांना सांभाळायला ठेवलेल्या मालनताई मग तीच भाकरी आत नेऊन परत आणायच्या, तेव्हा कुठे दोन घास पोटात जायचे.

अण्णांना सेतू बसवायचं ठरलं तेव्हा सही नीलांबरीनेच केली. यंत्राच्या हवाली करण्याची ही दुसरी वेळ, हे तिला सही करताना चांगलंच जाणवलं. कंपनीचा नियम असा, की जुळाऱ्याने आपल्या नात्यातल्या माणसाला हात लावायचा नाही. म्हणून अण्णांचं काम फिरोज मुजावरकडे गेलं. फिरोज तिच्याच बरोबरीचा, तिच्याच टेबलाशेजारी बसणारा, बोलायला सावकाश आणि कामाला चोख. त्याने अण्णांना गॅस बंद करायला लावला, नळ बंद करायला लावला, मालनताईंचं नाव पक्कं करून दिलं. नीलांबरीने एके दिवशी त्याला बाजूला घेऊन रागाबद्दल विचारलं.

“राग हा बिघाड नाही, नीला,” फिरोज म्हणाला. “आई गेल्याचं मी घट्ट करतो, म्हणजे रोज नव्यानं कळायचं थांबेल. विचार मध्येच तुटतोय तोही जोडून देतो. पण तुझ्यावरचा राग त्यांचा आहे. त्याला मी हात लावणार नाही.”

“माझे बाबा असते तरी मी हात लावला नसता” असं काही तो म्हणाला असता तर तिने भांडण काढलं असतं. तो तसलं काही म्हणाला नाही. त्याने त्याच दिवशी आपले दोन नियम घातले, आणि हे मुरायला थोडा वेळ लागेल, धीर धर, एवढं सांगितलं.

धीर धरायचा तर तिने फार वर्षं धरला होता. त्याच आठवड्यात एका दुपारी अण्णा झोपले असताना तिने घरून त्यांच्या सेतूशी जोडून घेतलं. नवा नियम घालून भागणार नव्हतं, कारण फिरोज दर सोमवारी नियम वाचून बघायचा. पण लिस्पमध्ये नियम तयार करणारे नियमही लिहिता येतात. पुस्तकांत त्यांना मॅक्रो म्हणतात, कंपनीत सगळे साचे म्हणत. अण्णांचे सारे नियम एकाच साच्यातून निघालेले होते, आणि साचे काही फिरोज वाचत नसे, ते वर्षानुवर्षं बदललेले नव्हते. नीलांबरीने साच्यात एक ओळ वाढवली. दवाखान्याची आठवण आणि नीलांबरीचा चेहरा एकदम वर आले, तर पुसट कर. कंस नीट जुळले. सेतूने साचा बदलल्याचं कळवलं. तिने संगणक मिटला आणि अण्णांचा चहा टाकायला गेली.

तीन-चार दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी अण्णांनी ताट समोर आल्यावर आईबद्दल विचारलंच नाही. ते बराच वेळ भाकरीकडे बघत बसले आणि नीलांबरीकडे मान वळवून म्हणाले, “तू जेवलीस काय?”

किती वर्षं ती या तीन शब्दांसाठी थांबली होती. ते कानावर पडले तेव्हा तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा, भरून आलं. पण तो आनंद ताट उचलेपर्यंतही टिकला नाही. हे अण्णा विचारत नाहीत, हे मी विचारायला लावलंय, असं मनात आलं आणि ते जाईना. आपणच आपल्याला पत्र लिहावं आणि पोस्टमनची वाट बघावी, तसली गत. अण्णा दिवसेंदिवस मऊ होत गेले. तिला यायला उशीर झाला तर फाटकापाशी येऊन उभे राहायचे. तिच्या हातचं कालवण मागून घ्यायचे. आणि ते जितके मऊ झाले तितकी ती कोरडी होत गेली, कारण प्रत्येक मायेच्या शब्दामागे तिला आपली ती ओळ दिसायची. ती मुद्दाम उशिरापर्यंत ऑफिसात थांबायला लागली. फिरोजने एकदा सहज म्हटलं, अण्णा बरेच निवळलेत हं, बोलतेस ना त्यांच्याशी? तिने हो म्हणून विषय बदलला.

एका रविवारी सकाळी ती बाहेरच्या सोप्यात कपडे घडी करत बसली होती. अण्णा खुर्ची ओढून समोर येऊन बसले. बराच वेळ शब्द जुळवत असावेत, ओठ हलत होते.

“निलू, तुझ्या आईच्या वेळेला मी तुला लई वंगाळ बोललो. तू तिला वाचवायलाच न्हेलंतीस, ते मला कळत हुतं. तरी बोललो. माझं चुकलं, बाळ.”

खरं तर इथेच तिच्या लक्षात यायला हवं होतं. दवाखाना पुसट झालेला माणूस दवाखान्याबद्दल माफी कशी मागेल? पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही आपल्या बाजूने लावता येतो. पुसट झालं म्हणजे नाहीसं झालं नव्हे, राग गेला आणि नुसतं टरफल उरलं, तेच हे बोलतंय, असं तिने क्षणात ठरवून टाकलं. आणि मग तिला राग आला, स्वतःचाच, पण तो निघाला अण्णांवर.

“अण्णा, हे तुम्ही बोलत नाही.”

“मग कोण बोलतंय?”

“मी. तुमच्या डोक्यात मी एक ओळ घातलीय. ती बोलतेय. तुमच्या मनात असं काही नाहीये.”

अण्णांचा हात कानामागे गेला, जिथे टाक्याची खूण होती तिथे. त्यांनी ती चाचपली. पोरांना रांगेत उभं करणारा तो माणूस चुकून दुसऱ्याच्या रांगेत उभा राहिल्यासारखा दिसला.

“असं हाय हुय,” ते म्हणाले. खुर्ची जागेवर ठेवून आत गेले.

त्यानंतर अण्णांचं बोलणं आटत गेलं. जेवायला बोलावलं की यायचे, पुढ्यात येईल ते खायचे, काही हवं का विचारलं तर तिच्याकडे बघायचे, जणू उत्तर तिनेच द्यायचं होतं. आजार पुढच्या पायरीवर गेला असेल, असं नीलांबरीने मानलं. तिला वाईट वाटलं, पण खोट्या मायेतून सुटल्याचा थोडा हलकेपणाही वाटला. तो हलकेपणा पुढे तिला आयुष्यभर सलणार होता.

थंडी सरता सरता एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय गेले काही दिवस कुरकुरत असणार, छातीत दुखलं असणार, काही बोलले नाहीत का? नीलांबरीने सांगितलं की ते आता बोलतच नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली. असल्या आजारात तसं होतं, असं तेही म्हणाले.

माणूस गेला की त्याच्या सेतूची शेवटची स्थिती वाचून ठेवायची, अशी कंपनीत पद्धत होती. शेवटच्या क्षणी कुठला नियम कसा होता आणि तोवर कोणता कितीदा चालला होता, सगळं त्यात जसंच्या तसं असतं. हे वाचन फिरोजकडे आलं. नीलांबरी कामावर परतली त्या दिवशी त्याने तिला आपल्या टेबलापाशी बोलावलं. पडद्यावर साचा उघडा होता, तिची ओळ वाढवलेला. नोकरी गेली, असंच तिला पहिल्यांदा वाटलं. पुढे तिला या गोष्टीचीही लाज वाटली.

“मी कुणाला सांगणार नाही,” फिरोज म्हणाला. “सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. साचा बदललास, पण नियम पुन्हा ओतले नाहीस.”

ती पडद्याकडे वाकली.

“विटेचा साचा बदलला म्हणून भिंतीत बसलेल्या विटा बदलतात काय, नीला? अण्णांचे नियम जुन्या साच्यातून निघून कधीच बसले होते. नवा साचा नुसता पडून राहिला. त्यातून एकही नियम निघाला नाही. तुझी ओळ एकदाही चालली नाही.”

हे ती स्वतः नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायची. साचा बदलला की त्यातून निघालेलं सगळं पुन्हा ओता, नाहीतर जुनंच चालत राहतं. ऑफिसातल्या संगणकावर हे काम आपोआप व्हायचं, ती सोय त्यांनीच करून घेतली होती, आणि इतकी वर्षं त्या सोयीवर काम करून हात मूळ रीत विसरले होते. माणसाच्या डोक्यातल्या यंत्रात काहीही आपोआप होऊ नये म्हणून तिथे ती सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. तिने तेव्हा तपासलं असतं तर निमिषात कळलं असतं. पण अण्णांनी तू जेवलीस काय असं विचारलं, आणि हवं ते उत्तर मिळाल्यावर कोण तपासत बसतं?

“मग ते बदलले कशाने?” तिने विचारलं.

फिरोजने पडद्यावरचा साचा मिटला. मग म्हणाला की त्याने फक्त आई गेल्याचं घट्ट केलं होतं आणि तुटणारा विचार जोडून दिला होता. आधी राग वर यायचा आणि तिथेच सगळं तुटायचं, म्हणून रोज नुसता रागच. विचार शेवटपर्यंत न्यायला जमल्यावर अण्णा रागाच्या पुढे गेले असतील. त्याने पडद्यावर दुसरं काही उघडलं आणि तिला दाखवलं. दवाखान्याची आठवण शेवटच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी होती, जराही पुसट न झालेली, आणि रोज संध्याकाळी नीलांबरी समोर आली की ती वर येत होती. सगळं आठवत असताना अण्णा तिच्याशी तसं वागत होते.

“काही बोलले होते काय तुझ्याशी, त्याबद्दल?” फिरोजने विचारलं.

“माफी मागितली होती.”

“मग?”

नीलांबरीने पर्स उचलली आणि भर दुपारी घरी आली.

मालनताई आपलं सामान न्यायला आल्या होत्या. त्यांना दुसरीकडे काम लागलं होतं. लुगडी, चपला, डबा असं पिशवीत भरून झालं, तरी त्या दारातच घुटमळत होत्या. नीलांबरीने विचारलं, काही राहिलं का.

“ऱ्हायलं न्हाई काय,” मालनताई म्हणाल्या. “सरांचं एक सांगायचं हुतं, तेवढं मनात टोचतंय. जायच्या आदी चार-पाच दिस रोज मला म्हणायचे, मालन, छातीत दुखल्यागत हुतंय. पर हे दुखणं माझंच हाय काय तिनं घातलेलं हाय, एवढं निलूला इचारून ये. मी म्हटलं, बरळत्यात म्हातारे. तुमी कामात असायचा, म्हणून इचारलंच न्हाई. ते असं का म्हणत असतील, ताई?”

नीलांबरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“त्यांचंच होतं,” ती म्हणाली. “सगळं त्यांचंच होतं.”

मालनताईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरल्या.